छायाचित्राचा कर्ता : सिकंदरबाग, १८५८

वृत्तछायाचित्र वर्गात वाचायला घेतले की मी आधी व्याकरणातला प्रश्न विचारते : कर्ता कोण? हिंसेनंतरच्या चित्रात क्रिया होऊन गेलेली असते. तिचे कर्म समोर पडलेले दिसते. कर्ता मात्र चौकटीबाहेर निघून गेलेला असतो. तो कोण, हे चित्र एकट्याने सांगू शकत नाही. ते काम खालची ओळ करते.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याने लखनौची सिकंदरबाग घेतली आणि आत अडकलेल्या सुमारे २,००० शिपायांची कत्तल केली. छायाचित्रकार फेलिचे बिआतो तिथे पोहोचला तो पुढच्या वसंतात. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. धावती लढाई कॅमेऱ्यात मावतच नसे. युद्धाचे छायाचित्र म्हणजे युद्ध संपल्यावरचे छायाचित्र, ही रीत यंत्राच्या या मर्यादेतून पडली.

चित्रात गोळ्यांनी खिळखिळी झालेली खांबांची इमारत आहे. पुढच्या अंगणात हाडे आणि कवट्या विखुरल्या आहेत. मागे एक घोडा आणि काही हिंदी माणसे, अगदी स्तब्ध. नजर आधी या जिवंत माणसांकडे जाते, मग खाली उतरते. जमिनीवरचा पसारा कसला, हे उशिरा उमगते. हा उशीरच चित्राचे खरे बळ आहे, असे मला वाटते. झाकलेले अवशेष बिआतोने चित्रासाठी उघडे करायला लावले, अशी आठवण एका समकालीन इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. म्हणजे कत्तल खरी, मृत माणसे खरी, मांडणी मात्र काही महिन्यांनंतरची.

आता शीर्षक पाहा. ९३ वी हायलँडर्स आणि ४ थी पंजाब पलटण यांनी २,००० बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा सिकंदरबागेचा अंतर्भाग, असा त्याचा आशय. कर्ता लपवलेला नाही, उलट अभिमानाने मिरवला आहे. मेलेल्यांच्या वाट्याला एक आकडा आणि ‘बंडखोर’ हा शब्द. आजच्या वृत्तपत्रांत ‘दंगलीनंतरचा रस्ता’ एवढेच छापतात. तिथे कर्ता संकोचाने किंवा भीतीने गळतो. (कधी तो खरोखरच ठाऊक नसतो, हेही मान्य करायला हवे.)

त्याच वसंतात, एप्रिल १८५८ मध्ये, वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत होते. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये शहर पडल्यानंतरची झाशी येते, ती घरात दडून बसलेल्या माणसाची. बिआतोची नजर जिंकलेल्या बाजूने आत येते. गोडसे भटजी आतून बाहेरचा कानोसा घेतात.

विद्यार्थ्यांनी बिआतोच्या चित्राखाली दोन ओळी लिहून पाहाव्यात : एक गोडसे भटजींच्या जागी बसून, दुसरी त्या अंगणात उभ्या केलेल्या माणसांपैकी एकाच्या तोंडी. ‘बंडखोर’ हा शब्द दोन्हींत टिकतो का, ते आधी तपासावे.