लोइस वेबर यांचा ‘शूज’ : एक रसास्वाद

(द्वितीय वर्ष बी. ए.)

यंदा महाविद्यालयाच्या सभागृहात ‘शूज’ हा अमेरिकन मूकपट पाहण्याचा योग आला. लोइस वेबर या दिग्दर्शिकेने तो १९१६ साली काढला. समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या १९१२ च्या एका ग्रंथावरून स्टेला विन हेरन यांना कथा सुचली आणि त्या कथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. २०१४ साली अमेरिकेने जतन करावयाच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला.

नायिका ईव्हा ही स्वस्त वस्तूंच्या दुकानात विक्रेती आहे. पगार आठवड्याला पाच डॉलर. घरी आई, वडील व तीन धाकट्या बहिणी. वडील धडधाकट, परंतु काम शोधण्याऐवजी पडल्या पडल्या कादंबऱ्या वाचतात. दिवसभर उभे राहून ईव्हाच्या बुटांचे तळ झिजतात. पगार घरखर्चात संपतो आणि नवे बूट पुढच्या आठवड्यावर जातात. ती पुठ्ठा कापून बुटात घालते. पावसात त्याचा लगदा होतो. अखेर चार्ली नावाच्या, कॅबरेत गाणाऱ्या माणसाच्या बोलावण्याला ती जाते आणि नवे बूट घालून घरी परतते. आईला न सांगता सारे कळते. वडिलांना नोकरी मिळते ती नेमकी त्याच वेळी.

वेबर यांनी उपदेश फारसा केलेला नाही. झिजलेले तळवे, गरम पाण्यात बुडवलेले पाय, फुटका आरसा एवढ्यातूनच त्या बोलतात. झोपलेल्या ईव्हावर झेपावणारा ‘दारिद्र्य’ असे लिहिलेला प्रचंड हात मात्र मला भडक वाटला. पुठ्ठ्याच्या तुकड्याने जे सांगितले, त्यापुढे त्या हाताची गरज नव्हती.

नंतरच्या चर्चेत एक मित्र म्हणाला, “बुटांसाठी कोणी शील विकते काय?” मी गप्प राहिलो. मला ईव्हापेक्षा तिचे वडील अधिक टोचत होते.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. ताई दहावीनंतर तालुक्याला कापडाच्या दुकानात लागली. माझी फी तिच्या पगारातून जाते. मी पुस्तक उघडले की घरात मला कोणी काम सांगत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी ताईची चप्पल उलटी करून पाहिली. अंगठा दोनदा शिवलेला होता, टाच पार झिजली होती. “अजून वर्षभर चालेल रे,” ती म्हणाली.

वाचन सोडावे असे मला वाटत नाही. पण ईव्हाच्या वडिलांनी एकदाही मुलीच्या पायांकडे पाहिले नाही, ही त्यांची चूक माझ्या हातून होऊ नये, एवढे हा मूकपट मला शिकवून गेला.