मोबाईल गेला तरी फोटो राहिला पाहिजे



मागच्या पावसाळ्यात मंठा तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंचा मोबाईल पाण्याच्या हौदात पडला. दुरुस्त झालाच नाही. त्यात गटाच्या इतिवृत्ताचे फोटो होते आणि वारलेल्या सासूबाईंचा एकुलता एक फोटो होता. वह्या घरात होत्या म्हणून गटाचं निभावलं. सासूबाईंचा फोटो मात्र गेला तो गेलाच. "फ्रेम करायची म्हणून ठेवला होता," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून या अंकात बॅकअप शिकूया. बॅकअप म्हणजे एकाच गोष्टीची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. आपल्याला हे नवीन नाही. घरचं बियाणं राखताना आजी सगळं एका मडक्यात ठेवत नव्हती. थोडं राख लावून मडक्यात, थोडं गाडग्यात, थोडं लेकीच्या घरी. एक मडकं किडलं तरी पेरणी अडत नसे. फोटोंचंही तसंच करायचं: तीन प्रती, दोन वेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा तिथल्या फायलीही जळाल्या. मग आपल्या घरातल्या पेटीचा काय भरवसा?

आधी काय जपायचं?

जे परत मिळतं ते मागे, जे परत मिळत नाही ते आधी. सातबारा ऑनलाईन परत निघतो. आधार, पॅन डिजिलॉकरमध्ये घेता येतात आणि तिथे सरकारी खात्याकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच धरला जातो. पण बैठकीचं इतिवृत्त, बचत-कर्जाच्या नोंदी आणि घरच्या माणसांचे फोटो कुठलंच कार्यालय परत देत नाही.

कसं करायचं?

१. खातं कुणाचं आहे ते बघा. पुष्कळ ताईंच्या मोबाईलमध्ये गुगलचं खातं दुकानदाराने किंवा पुतण्याने उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्यालाच माहीत. मग फोटो ढगात आहेत, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे! खातं आपल्या नावाचं आणि आपल्या नंबरचं असावं. ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून वही पेटीत ठेवा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

२. गुगल फोटोज उघडा. वर कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा आणि बॅकअप चालू करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो बहुतेक वेळा आपोआप जात नाहीत. त्यांचं फोल्डर वेगळं निवडून चालू करावं लागतं. फुकट जागा १५ जीबी असते, म्हणून "शुभ सकाळ"चे फोटो आधी काढून टाका.

३. इथे सांभाळा. बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमधून डिलीट केला, तर तो दोन्हीकडून जातो. चुकून गेलाच, तर ६० दिवस तो ट्रॅशमध्ये सापडतो.

४. तिसरी प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि पेनड्राईव्ह माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. गटाच्या नोंदींची प्रत प्रभागसंघाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ठेवता येईल. बाहेरच्या दुकानात प्रत काढली, तर तिथल्या कॉम्प्युटरमधून आपले फोटो पुसून, खातं बंद करूनच उठा.

५. जुने कागदी फोटो ओसरीवर, उन्हाची तिरीप नसेल तिथे ठेवून मोबाईलने काढा. फ्लॅश नको. काचेतून काढलं की चमक येते, म्हणून निघत असेल तर फ्रेममधून बाहेर काढा. फोटोत कोण आहे, कोणतं साल, ते घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारून लिहा. ते माणूस गेलं की नाव सांगणारंही कुणी उरत नाही.

प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका, ती उघडून बघा. उघडत नसेल तर ती प्रत नव्हे.

पुढच्या बैठकीचं काम

बचत जमा झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या की सचिव ताईंनी त्या पानाचा फोटो काढायचा आणि अध्यक्षा ताईंच्या मोबाईलवरही पाठवायचा. आणि प्रत्येकीने घरचा एक जुना फोटो सोबत आणायचा. सीआरपी ताईंच्या मदतीने तो तिथेच जपून ठेवू. एका बैठकीत एकीचा एक फोटो राखला, तरी वर्षभरात घराघरातली माणसं राखली जातील.