ॲबस्ट्रॅक्ट क्लास, इंटरफेस आणि मुखेडचा मोंढा

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत आपण सगळेच एक उत्तर पाठ करतो : "इंटरफेसमध्ये नुसती मेथडची नावं असतात, ॲबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये थोडा कोडही असतो." मीही केलं होतं. पहिल्याच कंपनीत ते धडाधड म्हणून दाखवलं. समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "२०१४ साली जावा ८ आली. तेव्हापासून इंटरफेसमध्येही डिफॉल्ट मेथड लिहिता येते, म्हणजे कोड आलाच. मग ॲबस्ट्रॅक्ट क्लास हवा कशाला?" माझी दातखीळ बसली. दहा मिनिटांत बाहेर.

मुखेडला घरी आलो. वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो आणि खरं सांगतो, उत्तर तिथं अडत दुकानात सापडलं.

माल कोणताही असो, अडत्या पट्टी एकाच रीतीने करतो. वजन गुणिले भाव, त्यातून खराबीचे पैसे आणि हमाली वजा. ही रीत एकदाच लिहायची. पण खराबीचे किती कापायचे, हे मालागणिक वेगळं. सोयाबीनचा ओलावा बघतात, हरभऱ्यात किडका दाणा. तेव्हा 'शेतमाल' हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास. त्यात वजन आणि भाव हे फील्ड, ते भरणारा कन्स्ट्रक्टर, 'पट्टी' ही पूर्ण लिहिलेली मेथड आणि 'कपात' ही ॲबस्ट्रॅक्ट. नुसता 'शेतमाल' कुणी पोत्यात भरून आणत नाही, म्हणून त्याचं ऑब्जेक्टही होत नाही.

आता इंटरफेस. भाव पडलेला असला की सोयाबीन बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवून पैसे उचलता येतात. टोमॅटोही शेतमालच, पण तो तारण कोण ठेवून घेणार? उलट आईच्या पाटल्या शेतमाल नाहीत, तरी माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्या तारण गेल्याच. सोयाबीन आणि पाटल्या एका खानदानातले नाहीत, पण दोघांनाही 'तारणमूल्य' सांगता येतं. कर्ज देणाऱ्याला तेवढंच लागतं. हा झाला 'तारणयोग्य' इंटरफेस.

मग सरांच्या प्रश्नाचं उत्तर? डिफॉल्ट मेथड आली तरी इंटरफेसला कन्स्ट्रक्टर नाही, आणि त्यातला प्रत्येक फील्ड पब्लिक, स्टॅटिक, फायनल. म्हणजे प्रत्येक पोत्याचं वेगळं वजन तो लक्षात ठेवू शकत नाही. शिवाय क्लास एकाच क्लासला एक्स्टेंड करतो, इंटरफेस मात्र कितीही घेतो. डिफॉल्ट मेथड आणली ती वेगळ्या गरजेपोटी. कलेक्शनसारख्या जुन्या इंटरफेसमध्ये नवी मेथड घातली असती, तर तो इम्प्लिमेंट करणाऱ्या जगभरच्या क्लासचं कंपाइल होणंच थांबलं असतं.

दोन फसवे प्रश्न जाता जाता. एकही ॲबस्ट्रॅक्ट मेथड नसलेला ॲबस्ट्रॅक्ट क्लास चालतो का? चालतो. आणि दोन स्वतंत्र इंटरफेसमध्ये हुबेहूब एकच डिफॉल्ट मेथड असेल तर? क्लासला ती स्वतः लिहावी लागते, नाहीतर कंपायलर अडवतो.

पुढच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न आला. मी कागदावर पट्टीच काढून दाखवली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पाटल्या सुटल्या का?" म्हटलं, "अजून नाही मॅडम." ऑफर लेटर पंधरा दिवसांनी आलं.