फोडणी पडली की वाढणारा कार्बन डायऑक्साइड

ऑकलंडच्या हिल्सबरोत जून लागला की मॅनुकाऊ बंदराकडून गार वारा येतो आणि आमच्या घरातल्या खिडक्या बंद होतात त्या होतातच. मुलांच्या खोलीत हवा कोंदते का हे कळावं म्हणून ‘कार्बन डायऑक्साइड सेन्सर’ असं स्वच्छ लिहिलेलं मॉड्यूल मागवलं आणि ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक-बोर्डाला जोडलं. रात्रभर बंद खोलीत दोघं झोपली तरी सकाळी आकडा जेमतेम ६०० पीपीएम. आणि स्वयंपाकघरात आमटीला हिंग-मोहरीची फोडणी पडली की थेट ४०००च्या वर! आमची शेगडी विजेची. गॅस जळतच नाही, तर हा वायू आला कुठून?

परदेशातल्या विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं : तुमच्याच घरात हवा खेळत नाही. नोंदी पाठवल्या, तर म्हणे वायरिंग तपासा. वायरिंग चोख होतं. शेवटी सॅनिटायझरचा बोळा सेन्सरपाशी धरला. आकडा सरसर चढला आणि ८१९२वर अडकला. चिपवरचा नंबर वाचला : सीसीएस८११. ही चिप कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. हवेतल्या सेंद्रिय वाफांवरून नुसता अंदाज बांधते, आणि माझ्याकडच्या चिपची मजल ८१९२पर्यंतच. चिपच्या माहितीपत्रकात हे लिहिलंय. विक्रीच्या जाहिरातीत अवाक्षर नाही. पैसे बुडाले ते बुडालेच, वर माझ्या घराला नावं ठेवली.

तेव्हा सेन्सर घेताना ‘एनडीआयआर’ किंवा ‘फोटोअकूस्टिक’ हे शब्द शोधा. ‘ईसीओटू’ दिसलं की तो अंदाज समजा. एमएच-झेड१९ हा एनडीआयआर सेन्सर खरंच मोजतो, पण त्यातली आपोआप दुरुस्ती २४ तासांतला नीचांक म्हणजेच बाहेरची ४०० पीपीएम हवा असं धरून चालते. खोली रात्रंदिवस बंद राहिली तर कोंदट हवाही तो ताजी ठरवतो. हिवाळ्यात ही सोय बंदच ठेवा. त्याऐवजी सेन्सर आडोशाला, पण उघड्या हवेत वीसेक मिनिटं चालू ठेवा आणि मगच शून्य-दुरुस्ती करा. त्या वेळी तोंड जवळ नेऊ नका, आपला श्वासच आकडा बिघडवतो. बाहेरची हवा आता ४२०च्या आसपास असते; वेलिंग्टनजवळ बेअरिंग हेडला १९७२पासून ती मोजतात. घरात ३५० दिसले तर सेन्सर चुकतोय, हे नक्की. पुरवठा स्थिर ५ व्होल्टचा हवा. पावती जपा.

आणि शक्यतो इथल्याच दुकानातून घ्या. न्यूझीलंडच्या १९९३च्या ग्राहक हमी कायद्यानुसार वस्तू वर्णनाबरहुकूम असावीच लागते. वर्णनापेक्षा ती बरीच वेगळी निघाली तर पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो सोडू नका.