सुधाकराचा ‘एकच’ प्याला



राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें नसेल. तरी त्याचें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले, आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणिलें. दारूबंदीच्या सभांतून ह्याचा दाखला नेहमीं दिला गेला आहे, व तें योग्यच आहे. परंतु आमच्या मतें ह्या कथेंतील नाशाचें मूळ ‘प्याला’ ह्या शब्दांत नसून ‘एकच’ ह्या शब्दांत आहे.

सुधाकर हा गरिबींतून वर आलेला बुद्धिमान तरुण वकील. एके दिवशीं कोर्टांत मुन्सफाशीं त्याचा खटका उडतो, शब्दानें शब्द वाढतो, आणि त्याची सनद कांहीं काळ बंद होते. नुकसान खरें, पण भरून येण्याजोगें. घरीं सिंधूसारखी बायको होती, अंगीं विद्या होती. सुधाकरास फक्त ती वेळ सोसावयाची होती, आणि तीच त्यास सोसवली नाहीं. मनाचा ताप विसरण्यास एकच प्याला घ्या, असें कारकून तळीरामानें सुचविलें, व त्यानें तो घेतला.

येथें नीट पाहावें. पहिली घाई रागाच्या भरांत झाली. दुसरी, त्या पहिलीचें दुःख सोसावें लागूं नये म्हणून. ‘आजन्म दारू पिणार काय?’ असें तळीरामानें विचारलें असतें, तर सुधाकरानें त्यास हांकून दिलें असतें. ‘एकच’ म्हटल्यावर विचार करण्याचें कारणच उरलें नाहीं.

वर्सोव्याच्या मंडळींस हें समजणें कठीण नाहीं. पावसाळ्यांत दर्या दोन दिवस निवळला म्हणून जाणता कोळी खाडीबाहेर होडी लोटीत नाहीं. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावें ही जुनी रीत. घरांत चणचण असली तरी तांडेल आभाळ पाहतो, वारा पाहतो. ‘एकच खेप’ म्हणणाऱ्या पोराचें ऐकत नाहीं. असा सावध मनुष्यही जाळें फाटल्याच्या किंवा मासळीस भाव न मिळाल्याच्या संध्याकाळीं गुत्त्याकडे वळतांना कोणास विचारतो काय?

तळीरामासारखा सल्लागार जबरदस्ती करीत नाहीं. तो आपला वेळ तेवढा हिरावून घेतो. देवलांनीं ‘झुंझारराव’ नाटक ज्यावरून रचिलें, त्या शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकांतही असाच एक कानाशीं लागणारा आहे. तेथें निरपराध बायको मरणाच्या दारीं नवऱ्यापाशीं अर्धा तास मागते. तोही तिला मिळत नाहीं.

आतां उपदेशकांसाठीं एक गोष्ट, जिच्याकडे सभांत फारसें लक्ष जात नाहीं. सुधाकर पुढें दारू सोडण्याचाही निश्चय करितो, आणि तो खोटा नसतो. पण तोही भरांतच झालेला. काम न मिळालें तर काय, ओळखीच्यांनीं तोंड फिरविलें तर कोणाकडे जावें, हें त्यानें ठरविलेलें नसतें. अपमान होतो, आणि प्याला पुन्हां हातीं येतो. आम्ही विचारितों : रात्रीच्या सभेंत रडून शपथ घेणाऱ्याच्या घरीं आपण दुसऱ्या सकाळीं जातों काय? मजुरी हातीं पडते त्या संध्याकाळीं त्याच्याजवळ कोण बसतें? शपथांचा आकडा वहींत मांडणें सोपें आहे.

शेवट ठाऊकच आहे. दारूच्या धुंदींत सुधाकराच्याच हातून तान्हें मूल जातें, सिंधू मरणपंथास लागते, आणि तो स्वतः विष मिसळलेला प्याला पिऊन मरतो. मरतां मरतां सिंधू पोलिसांपुढें नवऱ्यावर आळ येऊं देत नाहीं. ह्याची स्तुति नाटकगृहांत पुष्कळ झाली. आम्हांस ती करवत नाहीं. मार खाणाऱ्या बायकोनें मुकाट राहावें, असा धडा आपल्या भगिनींनीं त्यांतून घेऊं नये.

वर्गांत ही कथा सांगतांना सनद बंद होण्याच्या प्रसंगाशीं थांबावें. त्या वेळीं तळीरामाच्या आधीं सुधाकराच्या दारीं कोणीं जावयास हवें होतें, आणि जाऊन काय बोलावें, हें मंडळींस विचारावें. पुरुषांआधीं बायकांस बोलूं द्यावें.