घरात साठविलेल्या कापसातून हिवाळ्यात निघणारे गुलाबी बोंडअळीचे पतंग



बाजारभाव वाढेल या आशेने आपल्यापैकी अनेकजण वेचलेला कापूस घरातच साठवून ठेवतात. पौष-माघात थंडी असतानाच अधूनमधून चार-आठ दिवस आभाळ येते, रात्रीचा गारठा कमी होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कापसाच्या खोलीत दिव्याभोवती लहान, मळकट रंगाचे पतंग फिरताना दिसू लागतात. सकाळी भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, पोत्यांच्या शिवणीत ते बसलेले आढळतात. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते, तर काही ठिकाणी घाबरून शेतातील उरलेले कीटकनाशक खोलीत फवारले जाते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हे पतंग कोठून येतात आणि त्यांच्यापासून पुढील हंगामाला धोका केव्हा असतो, हे समजून घेतल्यास फारसा खर्च न करता त्यांचा बंदोबस्त करता येतो.

पतंगाची ओळख

गुलाबी बोंडअळीचा पतंग आकाराने लहान, एक सेंटीमीटरपेक्षाही कमी लांबीचा व करड्या-तपकिरी रंगाचा असतो. पुढील पंखांवर काळपट ठिपके असतात व पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. दिवसा तो फटीत किंवा कापसात दडून बसतो आणि रात्री उडतो.

ज्वारी, मका किंवा भात साठविलेल्या घरात धान्यावरील पतंगही आढळतात. ते आकाराने जवळपास तेवढेच, पण रंगाने पिवळसर, वाळलेल्या गवतासारखे असतात. दोन्ही कीटक एकाच कुळातील असल्यामुळे फसगत होते. शंका असल्यास खोलीत गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा लावावा. त्यातील गंधगोळीकडे गुलाबी बोंडअळीचे नर आकर्षित होतात; धान्यावरील पतंग तिच्याकडे येत नाहीत. सापळ्यात पतंग सापडले म्हणजे आपल्या कापसातूनच ही कीड बाहेर पडत आहे असे समजावे.

थंडीत अळी काय करते?

हंगामाच्या सुरुवातीस बोंडातील अळी पूर्ण वाढली की बाहेर पडून कोषात जाते व काही दिवसांतच पतंग तयार होतो. दिवस लहान होऊन रात्री थंड होऊ लागल्या की शेवटच्या बोंडांतील अनेक अळ्या मात्र कोषात जात नाहीत. त्या दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत गुंडाळून पडून राहतात. यालाच सुप्तावस्था म्हणतात. या अवस्थेत अळी काही खात नाही व अनेक महिने जिवंत राहू शकते. शेतातील वाळलेली किडकी बोंडे, पऱ्हाटीचे ढीग, घरातील कापूस आणि जिनिंगमधील सरकी ही तिची लपण्याची ठिकाणे होत.

पुन्हा ऊब व ओलावा मिळाला की यांतील काही अळ्या जाग्या होऊन कोषात जातात. घरातील कापसाला शेतापेक्षा ऊब जास्त मिळते. दुपारी टिनपत्रे तापतात, शेजारी चूल असते आणि गंजीच्या आत गारवा पोहोचत नाही. म्हणून घरातील पतंग शेतातील पतंगांच्या आधी निघतात. कोषातून पतंग बाहेर येण्यास साधारण आठ-दहा दिवस, थंडी असल्यास त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे उबेचे दिवस सरल्यावर पतंग दिसले तर नवल वाटू देऊ नये. सर्व अळ्या एकाच वेळी जाग्या होत नाहीत. काही जानेवारीत, काही उन्हाळ्यात, तर काही पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात.

घरातील पतंग घातक केव्हा ठरतो?

या पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. मादीला अंडी घालण्यासाठी आणि त्यातून निघणाऱ्या अळीला जगण्यासाठी प्रामुख्याने कपाशीच्या पात्या, फुले व बोंडे लागतात. शिवारात कपाशी उभी नसेल तर हिवाळ्यात निघालेला पतंग पिढी न वाढविताच मरून जातो. म्हणजे अवेळी आलेली ऊब शेतकऱ्याच्या फायद्याचीच ठरते.

परंतु फरदड ठेवलेली असेल तर तीच ऊब आपल्यावर उलटते. फरदडीवर फुले-बोंडे असतात. घरातून, जिनिंगमधून निघालेले पतंग तेथे अंडी घालतात व उन्हाळ्यापर्यंत आणखी पिढ्या तयार होतात. थोडक्यात, धोका पतंगापेक्षा फरदडीत अधिक आहे. पाणी देऊन मिळणारा चार मण कापूस पुढच्या वर्षी आपल्याला आणि शेजाऱ्यालाही महागात पडतो, कारण पतंग वाऱ्याबरोबर दूरवर जातो.

आपल्याकडे बीटी कपाशीला 2002 मध्ये व दोन जनुके असलेल्या बीटी कपाशीला 2006 मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्यांना दाद देणे बंद केले आणि 2017 च्या हंगामात विदर्भात व मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. तेव्हा केवळ बियाण्यावर विसंबून न राहता किडीचा जीवनक्रम तोडणे आवश्यक आहे. तो तोडण्याची वेळ हिवाळ्यातच असते.

घरात काय करावे?

1. शेवटच्या वेचणीचा व कवडीचा कापूस चांगल्या कापसात मिसळू नये. तो वेगळा ठेवून सर्वात आधी विकावा. सुप्त अळ्या मुख्यतः याच कापसात असतात.

2. निरनिराळ्या भागांतून मूठ-मूठ कापूस काढून सरक्या तपासाव्यात. दोन सरक्या चिकटलेल्या आढळल्यास सुटी करून आत अळी आहे का ते पाहावे. अशा सरक्या जास्त निघाल्यास भावाची वाट न पाहता कापूस विकणे हिताचे ठरते.

3. कापूस कडक उन्हात पातळ पसरावा. बाहेर येणाऱ्या अळ्या झाडून गोळा करून माराव्यात.

4. रिकामी पोती उलटी करून झटकावीत व उन्हात वाळवावीत. जमिनीच्या व भिंतीच्या फटी शेणामातीने किंवा सिमेंटने बुजवाव्यात.

5. खोलीत कामगंध सापळा लावावा व गंधगोळी पाकिटावरील सूचनेप्रमाणे बदलावी. सापळ्यात फक्त नर सापडतात, हे लक्षात ठेवावे. नर-मादी दोन्ही पकडण्यासाठी रात्री विजेच्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याचे घमेले ठेवावे. दिवा कापसापासून दूर असावा. उघडी ज्योत, कंदील किंवा रॉकेल कापसाच्या खोलीत नेऊ नये.

घरात काय करू नये?

शेतातील कीटकनाशक राहत्या घरात कधीही फवारू नये. गंजीच्या आत सरकीत दडलेल्या अळीपर्यंत ते पोहोचत नाही, मात्र बंद खोलीतील लेकराबाळांच्या श्वासात, धान्यात व पाण्यात उतरते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मोकळ्या शेतात फवारणी करतानाही विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर कापसाच्या खोलीत मुळीच ठेवू नयेत. त्यांच्या वायूने झोपेतच माणसे दगावतात.

शेतात काय करावे?

* डिसेंबरअखेर कपाशीचा हंगाम संपवावा. फरदड घेऊ नये.
* शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात. त्या झाडावरील उरलेली बोंडे खातात.
* पऱ्हाटी यंत्राने बारीक करून तिचे खत करावे. जळणासाठी हवीच असेल तर वाळलेली बोंडे आधी तोडून नष्ट करावीत, कारण अळी लाकडात नसून बोंडात असते. असे जळणही मे अखेरपर्यंत संपवावे. बांधावर रचून ठेवू नये.
* उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी.
* पूर्वहंगामी लागवड टाळावी. कोरडवाहू कपाशीची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, म्हणजे सुरुवातीला निघणाऱ्या पतंगांना पात्या मिळत नाहीत.
* पीक दीड महिन्याचे झाल्यावर हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा अधिक पतंग आल्यास कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे उपाय योजावेत.

ही कामे एकट्याने करून भागत नाही. एका शिवारात एक फरदड राहिली तरी साऱ्या गावच्या पतंगांची सोय होते. म्हणून संक्रांतीपूर्वीच गावात बैठक घेऊन फरदड मोडण्याचे ठरवावे. जवळ जिनिंग असल्यास तेथेही सापळे लावण्याचा आग्रह धरावा.

आज रात्री दिवा लावल्यावर कापसाच्या खोलीत एकदा नजर टाका. पतंग दिसला तर घाबरू नका. उद्या सकाळी उठून आधी शिवारात कोठे कपाशी उभी आहे का ते पाहा.