आधी ऐकावे, मग उत्तर द्यावे
(पाठ : नीतिसूत्रे, अध्याय १८, वचन १३)

पूर्ण ऐकून घेतल्यावाचून उत्तर देणारा आपलीच लाज करून घेतो, असे हे वचन शिकविते. याविषयी मुंबईतील एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे गिरगाव चौपाटीवरील विल्सन या मिशनच्या कॉलेजात गणित शिकवीत. वारंवारच्या बाळंतपणांतून स्त्रियांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढिले. हे कार्य चालकांस रुचले नाही. १९२५ साली त्यांस नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवू लागले. त्यावरून खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील असताही दंड झालाच.

कर्वे देव मानीत नसत. त्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत. तथापि आपल्याच लोकांनी त्यांच्या पोटावर पाय दिला, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले काय? अशक्त मातेने काय करावे, हा प्रश्न आजही आपल्या घरांत आहे. यास्तव उपदेशकांनो, असा प्रश्न घेऊन कोणी बहीण आली तर तिला लाजवू नका. आधी तिचे ऐका, तिला डॉक्टरीणबाईंकडे पोहोचवा, आणि मग वचन सांगा.